ती पंचवीस मिनिटं भाड्यात धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाडच्या थंडीची बातमी आपल्या अंकात वाचली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा, बागांमधल्या शेकोट्या, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे सोडलेलं पाणी, सगळं नेहमीप्रमाणे होतं. द्राक्षाला थंडीत कसं जपायचं हे आपल्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्याच पहाटे सिन्नर, अंबड, दिंडोरी, जिथे बघाल तिथे क्रेन चालू होत असतात आणि त्यांच्या थंडीबद्दल मी आजवर एक ओळही वाचलेली नाही. एकतीस वर्षं क्रेन चालवून चार वर्षांपूर्वी घरी बसलो. आता वेळ आहे, म्हणून लिहितो.

मागणी एकच आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इंजिन चालू केल्यावर पंचवीस मिनिटं क्रेनला वजन लावू नये, आणि त्या पंचवीस मिनिटांचं भाडं पार्टीनं, म्हणजे क्रेन भाड्यानं घेणाऱ्यानं, द्यावं. यातली पहिली गोष्ट लाइनमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाळत कुणी नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्या गोष्टीत आहे.

बाहेरच्या माणसाला हिशेब सांगतो. क्रेन शिफ्टवर जाते, आठ तासांची. गेटमध्ये ती सहाला शिरली तरी बहुतेक ठिकाणी लॉगशीटवर वेळ पडते ती पहिलं वजन उचलल्याची. तिथपर्यंत जळलेलं डिझेल मालकाच्या खिशातलं. म्हणून मालक ऑपरेटरला सांगतो, उगाच इंजिन तापवत बसू नको. साइटवरचा इंजिनीअर म्हणतो, "काका, चालू झाली ना गाडी? मग उचला की." दोघांच्या मध्ये ऑपरेटर. तो उचलतो.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, नाशिकला काय बर्फ पडतो का? नाही पडत. क्रेनच्या पुस्तकात थंडीचा जो धडा असतो, तो उणे वीस अंशांचा असतो. डिझेल थिजतं, पोलाद ठिसूळ होतं वगैरे. त्यातलं बरंचसं आपल्याला लागू नाही हे मीही मान्य करतो. आपली अडचण वेगळी. दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस अंश आणि पहाटे आठ. काल दुपारी ज्या हातानं लिव्हर ओढला, तोच हात सकाळी तसाच ओढतो, आणि मशीन काल दुपारचं राहिलेलं नसतं.

तेलाचंच बघा. क्रेनच्या हालचाली तेलाच्या दाबावर चालतात, त्या हायड्रॉलिकमध्ये आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत ६८ नंबरचं तेल असतं. हा आकडा म्हणजे ४० अंशांवर मोजलेला दाटपणा. पारा आठ-नऊवर आला की तेच तेल सहा-सात पट दाट होतं. थंडीतली काकवी आठवा, बरणी आडवी केली तरी हलत नाही ती. असं तेल सक्शनच्या पाइपातून पंपापर्यंत वेळेत पोचत नाही. मग पंप रडतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, बारीक आणि किंचाळल्यासारखा. आत पोकळी होऊन बुडबुडे फुटत असतात आणि प्रत्येक बुडबुडा पंपाच्या पोलादाचा कण खातो. मालकानं वाचवलेलं डिझेल दोन वर्षांनी पंपाच्या बिलातून जातं, पण तेव्हा ते कुणी जोडून बघत नाही.

पंप बदलता येतो. मला धास्ती आहे ती झटक्याची, आणि ती का आहे ते सांगायला स्वतःचीच चूक सांगावी लागेल.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाड तालुक्यात एका शीतगृहाच्या शेडचं काम होतं, ट्रस, म्हणजे छताचे लोखंडी सांगाडे, चढवायचे होते. संध्याकाळी क्रेन जॅकवर, म्हणजे तिला तोलून धरणाऱ्या बाहेर काढायच्या पायांवर, उभी ठेवूनच आम्ही झोपलो, सकाळी पुन्हा लावायचा त्रास नको म्हणून. जॅकमधलं तेल रात्री गार होऊन आकसतं. साठ सेंटिमीटर बाहेर आलेला जॅक त्यानं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बसतो. तेवढ्यानं सहसा काही बिघडत नाही. बिघडलं ते पाण्यानं. शेजारच्या बागायतदारानं थंडीपासून बाग वाचवायला पहाटे पाणी सोडलं होतं, आणि ते बांध ओलांडून आमच्या मागच्या उजव्या जॅकच्या स्लीपरखाली, म्हणजे पायाखालच्या लाकडी ओंडक्याखाली, मुरलं. काळी माती. स्लीपर एका बाजूनं बसला. अंधारात ते दिसलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मी बघायला उतरलोही नव्हतो. बॅटरी थंडीनं बसली होती, चार वेळा सेल्फ मारून इंजिन कसंबसं धरलं, त्यात वीस मिनिटं गेलेली, सुपरवायझर हात कमरेवर ठेवून उभा. केबिनमधल्या लेव्हलचा बुडबुडा कडेला चिकटलेला होता, म्हणजे क्रेन कललेली होती. समोर होता. बघितला नाही.

ट्रस उचलला, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, फिरवायला लिव्हर दिला. हलली नाही. अजून दिला. तरी नाही. आणखी थोडा दिला आणि मग तेल एकदम पोचलं. बूम झटक्यानं सुटली, ट्रस झुलत बाहेर गेला, आणि हेल्पर ओरडला, "मागचा पाय सुटला!" डाव्या जॅकची थाळी जमिनीवरून उठली होती. वजन खाली टेकवलं तेव्हा ट्रसचं एक टोक कॉलमवर आपटून वाकलं. खाली कुणी नव्हतं, कारण फिटर लोक चहाला गेले होते. यात माझं कौतुक काही नाही. ट्रसचे पैसे मालकाच्या बिलातून कापले गेले आणि मालकानं ते माझ्या पगारातून दोन महिन्यांत वळते केले.

नंतर हिशेब मांडला. वीस मीटर उंचीवर बूमचं टोक असेल तर क्रेन एक अंश जरी कलली, तरी ते टोक ३५ सेंटिमीटर बाहेर सरकतं. किती अंतरावर किती वजन उचलायचं हे सांगणाऱ्या लोड चार्टवरचा आकडा क्रेन लेव्हलमध्ये आहे असं धरून छापलेला असतो. त्यात झटका मिळवा.

पंचवीस मिनिटांत करायचं काय, तर फार काही नाही. इंजिन चालू झाल्यावर लगेच रेस करायची नाही, टर्बोच्या बेअरिंगला तेल पोचू द्यायचं. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. टाकीखाली चिंध्या पेटवायच्या नाहीत. मी हे पाहिलेलं आहे, तेही डिझेलच्या टाकीखाली. मग वजन न लावता एकेक हालचाल हळू करायची. बूम वर-खाली, आत-बाहेर, दोर गुंडाळणारा विंच, फिरणं. हायड्रॉलिकच्या टाकीला पालथा हात लावून बघायचा, कोमट लागली की तेल आलं. पहिलं वजन वीतभर उचलून थांबायचं. विंचचा ब्रेक धरतोय का, कुठला जॅक हलका पडतोय का, हे तिथे कळतं.

इंजिन गरम होईपर्यंत खाली उतरून फेरी मारायची. इथे एक अडचण आहे, तीही सांगतो. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो आणि साडेसहाला काम सुरू करायचा हट्ट असतो. मोबाइलच्या बॅटरीत वायर रोप तपासणार कसा? थंडीत ग्रीस घट्ट होऊन दोरावर साल धरतं, तुटलेली तार त्याखाली लपते. आम्ही सुती चिंधी धरून दोर हळूहळू सोडायचो. तार तुटलेली असेल तिथे चिंधी अडकते. हाताला मात्र चामड्याचे मोजे हवेत, नाहीतर चिंधीऐवजी तळवा अडकतो.

टायरचं तर कुणाच्या डोक्यातच नसतं. दुपारी १०० पीएसआय दाखवणारा टायर पहाटे सात-आठ पीएसआय कमी दाखवतो. ट्रक क्रेन जॅकवर उभी राहते, तिचं निभतं. हायड्रा नावाची छोटी क्रेन मात्र वजन घेऊन टायरवरच चालते. एका बाजूची हवा कमी असेल तर ती वजनासकट कलते. हवा सकाळी, टायर गार असतानाच मोजायची, आणि दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून सोडायची नाही. एअर ब्रेकच्या टाकीत रात्री पाणी साचतं, तेही सोडायचं.

कागदावर हे सगळं रोज होतंच. एका साइटवर मी महिन्याची चेकलिस्ट पाहिली. सगळ्या खुणा एकाच पेनच्या, एकाच दमात केलेल्या. रविवारी साइट बंद होती, पण त्या रविवारीही टायर बरोबर होते आणि हुकची लॅच जागेवर होती. सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायचा नियम तर १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आला आहे. तो दाखला काचेवर चिकटवलेला असतो. रोजच्या सकाळी मात्र ऑपरेटर आणि हेल्परच्या भरवशावर असतात. त्यांतला हेल्पर कित्येकदा गेल्याच आठवड्यात लागलेला असतो.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं जोरात आहेत. पूल, रस्ते, घाट, सगळ्यांना तारीख गाठायची आहे आणि दोर, जॅक, तेल यांना तारीख समजत नाही. कामाचे आदेश देणाऱ्यांनी त्यात एक ओळ घालावी, की थंडीच्या दोन महिन्यांत क्रेनची वेळ इंजिन चालू झाल्यापासून धरली जाईल. पंचवीस मिनिटांचं भाडं पुलाच्या खर्चात कुणाला दिसणारही नाही. मालक गप्प बसेल, इंजिनीअरला घाई करायचं कारण उरणार नाही, आणि ऑपरेटर खाली उतरून बघेल.

परवा पाथर्डी फाट्याजवळ सकाळी फिरायला गेलो होतो. एक तरुण ऑपरेटर क्रेनपासून लांब शेकोटी करून बसला होता, इंजिन चालू, बूम रिकामी. मी विचारलं, काय रे, बिघाड झाला का? म्हणाला, "नाही काका, तेल गरम होऊ देतोय. साहेबांनी लॉगशीटवर सव्वासात टाकायचं ठरवलंय, आलो मी साडेसहाला. असू द्या."

आपला,
एक निवृत्त क्रेन ऑपरेटर, सिडको, नाशिक