राउंडमध्ये आधी कोणी बोलायचे?

सोलापूर

प्रिय सुनंदा,

गड्ड्याच्या जत्रेनंतर तुला पत्र नाही, म्हणून तू रागावली असशील. पण आज जे घडले ते पाटील सिस्टरांच्या हाताखाली राबलेल्या तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. प्रकृती बरी आहे, गुडघा दुखतोच.

आमच्याकडे आता एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि फार्मसीची मुले एकाच रुग्णाभोवती एकत्र शिकतात. एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१० सालची व्याख्या फळ्यावर लिहिली, तेव्हा मला ती शोभेचीच वाटली होती. आज पूर्व भागातील एक विडी कामगार आजी, पक्षाघाताच्या रुग्ण, मुलांपुढे होत्या. भावी डॉक्टरांनी रक्तदाब आणि सीटी स्कॅन नीट मांडले, फिजिओच्या मुलीने दुबळा हात ओढून आजींना उठवू नका असे बजावले, आणि मग आजींसारखीच घरी तेलुगू बोलणारी आमची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली की पाणी पिताना आजींना ठसका लागतो, आवाजही घोगरा झाला आहे, तेव्हा गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये, नाहीतर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया व्हायचा. सगळ्यांनी वह्या उघडल्या.

सुनंदा, सकाळी डॉक्टरांच्या खऱ्या राउंडमध्ये हीच मुलगी त्याच खाटेपाशी मुकाट उभी होती. ठसक्याची नोंद तिने केली होती, इन्चार्ज सिस्टरांनी दूधही थांबवले होते. पण ते पान कोणी उलटले नाही आणि केसपेपरवर 'द्रव आहार' लिहून राउंड पुढे गेला. का बोलली नाहीस, असे विचारले, तर म्हणाली, "मला कोणी विचारले नाही, मॅडम."

एसबार, म्हणजे रुग्णाविषयी डॉक्टरांना चार टप्प्यांत सांगायची पद्धत, मी स्वतः शिकवते: स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. पहिले तीन मुलींना तोंडपाठ आहेत, चौथे घशात अडकते, कारण आपल्या वेळेपासून "सर, एकदा बघता का" यापलीकडे मागायची सवयच नाही. ऑपरेशन थिएटरात जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीमुळे चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते, आणि यादी वाचणाऱ्या सिस्टरसाठी सर्जनलाही थांबावे लागते. वॉर्डातल्या राउंडमध्ये असा थांबाच नाही. खाटेपाशी पहिले वाक्य सिस्टरचे असावे, असे मी लेखी मागणार आहे. "डॉक्टर ऐकणार नाहीत, निदान पगार तरी वाढेल," असे म्हणत तू व्यवस्थापनाकडे गेलीस, तेव्हा मी तुला पळपुटी म्हटले होते. तो शब्द मागे घेत नाही, पण आता तुझ्या खुर्चीचा उपयोग करणार आहे.

चिरंजीवांची दहावी कशी चालली आहे? सासूबाईंना नमस्कार. चटणी पाठवली आहे, ती जपून खा.

तुमच्याकडे राउंड पाळी बदलण्याआधी होतो का, तेवढे लगेच कळव. आमच्याकडे तो सुरू होईपर्यंत रात्रभर रुग्णाजवळ असलेली सिस्टर घरी पोहोचलेली असते, आणि अर्जात दुसरी मागणी तीच घालावी असे मनात आहे.

तुझी,
मंगल