कायद्याला न दिसणारी युती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या एका वाक्यावर घाईने काही खरडावे असे मनाला पटेना. "आघाडी म्हणजे बाजार, एकाच पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाल्याशिवाय या देशाची सुटका नाही," असे तू लिहिले आहेस. आयुष्यभर वर्गात नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मला वाईट वाटले. तुझा राग मला समजतो, पण तो चुकीच्या जागी गेला आहे असे मला वाटते, आणि तसे का वाटते ते आज सविस्तर लिहितो.

१७ एप्रिल १९९९ चा शनिवार तुला आठवत असेल. सकाळची शाळा सुटली होती आणि आपण दोघे तुझ्या घरी दूरदर्शनसमोर बसलो होतो. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढून घेतला होता आणि वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान सुरू होते. बाजूने २६९, विरोधात २७०. वहिनींनी आणून ठेवलेला चहा तसाच निवला आणि कितीतरी वेळ आपण एकमेकांशी बोललो नाही. त्या दिवशी ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग लोकसभेत येऊन बसले होते, कारण त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता. सभापती बालयोगी यांनी मत द्यायचे की नाही हे त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवले आणि त्यांनी मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडून सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. तू तेव्हा म्हणालास की एका मताने सरकार पडते ही लोकशाहीची नामुष्की आहे. मला उलटे वाटले होते आणि आजही वाटते. सरकार सभागृहात पडले, उघड मोजणीने पडले, आणि पराभूत पंतप्रधान राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे गेले. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचा निकाल राजभवनात नव्हे, सभागृहात लागला पाहिजे असे सांगितले होते, तेच आपण डोळ्यांनी पाहिले.

मला खरा धक्का त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बसला. लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकदमच होत्या आणि मला एका लहान गावात केंद्राध्यक्ष म्हणून जावे लागले होते. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. एक आजी दोन्ही कागद हातात धरून मला म्हणाल्या, "मास्तर, दोन्हीवर एकच खूण उठवायची, का येगळी?" मी काहीच सांगू शकत नव्हतो. जूनमध्येच राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली होती, त्यामुळे गावात पंजा आणि घड्याळ अशी उभी फूट होती. माझ्यासमोरच्या बाकावर त्या दोन पक्षांचे प्रतिनिधी म्हणून बसलेले दोघे सख्खे चुलतभाऊ होते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी एकमेकांच्या किटलीतला चहा घेतला नाही. मतपेटीला लाख लावून सही करताना सुद्धा एकाने दुसऱ्याकडे पाहिले नाही.

निकाल लागले : शिवसेना ६९, भाजप ५६, काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि ज्यांच्यावरून त्या दोन भावांत बोलणे बंद होते ते दोन्ही पक्ष एकाच मंत्रिमंडळात बसले. पुढे त्यातला धाकटा मला एसटी स्टँडवर भेटला. त्याने हात जोडले आणि एवढेच विचारले, "सर, मग आमचं भांडण कशापायी झालं?" त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बहुमत कुणालाच नव्हते, राज्य तर चालवायलाच हवे होते, आणि तीच आघाडी पुढे पंधरा वर्षे टिकली, हे सगळे खरे आहे. तरी त्या माणसाचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. मत देताना त्याला जे सांगितले गेले, त्याचा हिशेब त्याने कोणाकडे मागायचा? तुझ्या वाक्याला माझे उत्तर या प्रश्नापासून सुरू होते.

आघाडीने काम होत नाही हे मला मुळीच मान्य नाही. २००४ च्या मे महिन्यात संयुक्त पुरोगामी आघाडीने राष्ट्रीय समान किमान कार्यक्रम छापून प्रसिद्ध केला आणि त्यात ग्रामीण कुटुंबाला वर्षाला किमान शंभर दिवस कामाची हमी लिहून दिली. आपल्याकडे वि. स. पागे यांनी जिचा पाया घातला ती रोजगार हमी योजना दुष्काळात माणसे कशी जगवते, हे आपण दोघांनी पाहिले होते. तीच कल्पना २००५ मध्ये देशाचा कायदा झाली, माहितीचा अधिकारही त्याच वर्षी आला. डावे पक्ष मंत्रिमंडळात नव्हते, पण तो छापील कागद हातात घेऊन ते सरकारला वारंवार जाब विचारत होते. त्याआधी १९९८ मध्ये भाजपने मित्रपक्षांसाठी राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे आपले तिन्ही मुद्दे समान कार्यक्रमाबाहेर ठेवले होते. यात कोणाला तडजोड दिसेल. मला त्यात असे दिसते की जो पक्ष एकटा निम्म्या देशाचाही विश्वास मिळवू शकला नव्हता, त्याला उरलेल्यांचे ऐकून घ्यावे लागले. एकपक्षीय बहुमतात ही सक्ती राहत नाही. आणि ते बहुमत तरी कुठे कायमचे असते? दोन वेळा स्पष्ट बहुमत मिळाल्यावर २०२४ मध्ये भाजप २४० वर थांबला, आणि तेलुगू देसमचे १६ व जनता दल (संयुक्त) चे १२ खासदार पुन्हा मोजावे लागले.

मग बिघडते कुठे? माझ्या मते आपला कायदा पक्षाला ओळखतो, युतीला ओळखत नाही. सगळी मेख इथे आहे.

१९६७ मध्ये हरियाणात गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. त्यावर उपाय यायला १९८५ साल उजाडले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व रद्द करण्याची सोय केली, पण एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना मोकळीक ठेवली. ही पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बुजवली आणि फक्त दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट उरली. आता तिचे काय झाले ते गोव्यात पाहा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० भाजपमध्ये गेले. पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा होतात. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश सात आणि वर थोडे, म्हणून आठ. देवासमोरची शपथ टिकली नाही, पण भागाकार मात्र काटेकोर पाळला गेला. एकट्याने पक्ष सोडणारा अपात्र आणि आठ जणांच्या सोबतीने सोडणारा पात्र, हे मुलांना कसे समजावून सांगायचे, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यानंतरही छळतो.

हा कायदा निदान पक्षफुटीची दखल तरी घेतो. युती मोडली तर तो एक शब्दही बोलत नाही. २५ सप्टेंबर २०१४ ला आपल्याकडे पंचवीस वर्षांची युती आणि पंधरा वर्षांची आघाडी एकाच दिवशी तुटली. ती फूट मला तितकी खटकली नाही, कारण मतदानाला वीस दिवस होते आणि लोकांना कळून-सवरून मत देता आले. २०१९ ची गोष्ट वेगळी. भाजप आणि शिवसेनेने एकत्र मते मागितली, १०५ आणि ५६ मिळून १६१ जागा झाल्या, २८८ च्या सभागृहात बहुमत निर्विवाद होते; आणि मुख्यमंत्रिपदाबाबत काय ठरले होते यावर दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. जे ठरले म्हणतात ते मतदारांसमोर कोणी कागदावर मांडलेच नव्हते. पुढे राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी, सर्वोच्च न्यायालयाचा खुल्या मतदानाने बहुमत चाचणी घेण्याचा आदेश, आणि २८ नोव्हेंबरला महाविकास आघाडीचे सरकार. या सरकारनेही किमान समान कार्यक्रम काढला, दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्यातूनच आली, आणि ती थाळी वाढून घेणाऱ्या हमालांची रांग मी आपल्या बाजार समितीच्या दारात रोज पाहत असे. कार्यक्रम चांगला होता, पण तो मतदानाआधी कोणी वाचलेला नव्हता.

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार फुटून बाहेर पडले तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की आम्ही मतदारांना सांगितलेल्या मूळ युतीकडे परत जात आहोत. आधीच्यांनी युती मोडली म्हणून आम्ही पक्ष मोडला, असा तो युक्तिवाद. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३ चा निकाल मी वर्तमानपत्रातून पुन्हा पुन्हा वाचला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, पक्षादेश काढणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार आमदारांच्या गटाला, म्हणजे विधिमंडळ पक्षाला, नसून राजकीय पक्षाला आहे, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. सगळा वाद खरा पक्ष कोणाचा यावर झाला. मतदाराने जी युती निवडून दिली तिचे काय, हे कोणी विचारू शकले नाही, कारण ते विचारण्यासाठी कायद्यात एखादे कलमच नाही.

केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या सरकारिया आयोगाने, सरकार बनवायला आधी कोणाला बोलवावे याचा क्रम राज्यपालांसाठी घालून दिला, त्यात निवडणूकपूर्व युतीला पहिले स्थान आहे. २०१० मध्ये त्याच विषयावरच्या पुंछी आयोगाने अशा युतीला एकच पक्ष समजावे असे म्हटले. म्हणजे शपथविधीच्या दारापर्यंत युतीला मान आहे. दार ओलांडले की ती कोणाला बांधत नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये एक पाऊल पुढे टाकले होते : समान कार्यक्रमावर कौल मिळवलेल्या आघाडीतला एखादा पक्ष मध्येच बाहेरच्या पक्षांशी हातमिळवणी करील, तर त्याच्या सदस्यांनी पुन्हा मतदारांकडून कौल घ्यावा, अशी शिफारस त्यांनी केली. ती तशीच पडून आहे, आणि कोणत्याही पक्षाने ती उचलून धरली नाही याचा मला मनापासून राग येतो.

तू म्हणशील, याने लहान पक्ष मोठ्याच्या दावणीला बांधले जातील. मीही यावर पुष्कळ विचार केला. बाहेर पडणे आणि पलीकडे जाऊन बसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मात्र मला स्पष्ट दिसते. डाव्या पक्षांनी अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून ८ जुलै २००८ ला संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारचा पाठिंबा काढला, २२ तारखेला सरकारविरुद्ध मत दिले, सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी टिकले आणि डावे विरोधातच राहिले. त्यांनी कोणाचे मंत्रिपद घेतले नाही. अशा पक्षाला कोणी अडवू नये. बाहेर पडायला पूर्ण मोकळीक असावी. समोरच्यांच्या सत्तेत खुर्ची हवी असेल तेव्हा आधी मतदारांच्या दारात जावे. आणि युतीचा करार, पदांच्या वाटणीसह, अर्ज भरताना निवडणूक आयोगाकडे लेखी द्यावा. शेताच्या बांधाचा करार आपण मुद्रांकावर करतो. राज्याचा करार चार भिंतींत तोंडी का असावा?

१९९९ च्या त्या धाकट्या भावाला मात्र हा नियमही पुरा पडत नाही, हे मी कबूल करतो. तिथे कोणी युती मोडली नव्हती. वेगळे लढलेले एकत्र आले होते. त्याच्यासाठी निदान एवढे व्हायला हवे होते की निकालानंतरचा करार सभागृहात मांडून त्यावर खुली चर्चा झाली असती, आणि काल ज्या मुद्द्यावर वेगळे झालो तो आज का सोडला, हे दोन्ही पक्षांनी त्याच्यासारख्याला समजेल अशा भाषेत सांगितले असते.

दिवाळीत तू येशील तेव्हा प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या अहवालातली ती पाने तुझ्यासाठी काढून ठेवतो. तोवर तुझे म्हणणे मुद्देसूद लिहून पाठव. नुसते 'बाजार' म्हणून सोडून देऊ नकोस. वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना सोबती