टॉवर बांधा, पण आधी माती तपासा

संपादक साहेब,
लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, टॉवर आले, आता जुनी गॅरेज, पेट्रोल पंप, छापखाने, गाळे सगळंच रीडेव्हलपमेंटला जातंय, पण खालची माती कोणी तपासतं का? पंपाची जमिनीतली लोखंडी टाकी वर्षानुवर्षं गंजते, बारीक गळती वरून कळतही नाही, आणि पेट्रोलमधलं बेंझिन, ज्याने कॅन्सर होऊ शकतो, ते मातीतून बोअरवेलच्या पाण्यात उतरतं. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असले तर फोडताना फुफ्फुसाला घातक असे तंतू हवेत उडतात आणि फोडणारा मजूर तोंडाला नुसता रुमाल बांधून, त्याचं फार वाईट वाटतं. केंद्र सरकारच्या २००६ च्या नोटिफिकेशनप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला, म्हणजे छोटे प्लॉट सुटतातच. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने प्रदूषित जागा साफ करायचा खर्च मालकाच्याही गळ्यात येऊ शकतो, म्हणून जागा घेणाराच आधी तिथं काय धंदा होता याचं जुनं रेकॉर्ड काढतो, संशय आला तर बोअर मारून माती लॅबला पाठवतो. महापालिकेने सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, देण्याआधी निदान पंप, गॅरेज आणि केमिकलवाल्या गाळ्यांना एवढं सक्तीचं करावं, आणि रिपोर्ट आजूबाजूच्या रहिवाशांनाही वाचायला द्यावा.

– एक वाचक, मुंबई