बाबांची दाढ काढायची नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दाढ काढायची नाही. ती वाचवायच्या उपचारासाठी बुधवारी सकाळची वेळ मी घेतली आहे आणि दाढ काढायची वेळ दादाने रद्दही केली आहे. तुम्हाला न विचारता केलं म्हणून रागावाल. रागवा, पण आधी हे पूर्ण वाचा. फोनवर बोलले नाही, कारण आई शेजारी होती, आणि मोठ्या काकांच्या त्या प्रकारानंतर तिच्यासमोर असलं काही काढायचं म्हणजे मला धीर होत नाही.

एक्स-रे मी नीट पाहिला. कीड खोल गेली आहे, पण मुळांच्या टोकांशी हाड शाबूत आहे. गार पाणी लागलं की कळ येते, म्हणजे आतली नस, आम्ही जिला पल्प म्हणतो, ती जिवंत आहे. ती आत काय करत असते हे मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते, म्हणून तर जीव तुटतो.

पल्पच्या कडेला डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण भाग, बनवणाऱ्या ओडोन्टोब्लास्ट पेशींचा थर असतो. जंतूंची चाहूल आधी त्यांना लागते आणि त्या रक्तातून संरक्षक पेशी बोलावून घेतात. पहिले येतात न्यूट्रोफिल. त्यांच्या माऱ्यात जंतूंबरोबर आपलीही ऊती जाते, आणि दाताच्या कठीण भिंतींमुळे सुजेला पसरायला जागा नसते. तुमची झोप घालवणारा ठणका तोच. मग येतात मॅक्रोफेज, गिळून साफसफाई करणाऱ्या पेशी. सुरुवातीला याच पेशी सूज पेटती ठेवतात. पण जंतू हटले की त्या मेलेले न्यूट्रोफिल गिळून टाकतात, आणि गिळता गिळता त्यांचा स्वभावच पालटतो. सूज शमवणारी, नव्या रक्तवाहिन्यांना वाढवणारी द्रव्यं त्या सोडू लागतात, सूज आवरणाऱ्या नियामक टी-पेशी त्यांना साथ देतात. मग पल्पमधल्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात) जखमेपाशी येऊन नवं डेंटिन घालतात. या मूळ पेशी असतात हे 2000 साली दाखवलं गेलं. थोडी सूज मुळात लागतेच, तिच्याशिवाय त्यांना हाक जात नाही. घात होतो तो सूज रेंगाळली की.

आणि ती रेंगाळते जंतूंमुळे. 1965 साली काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांमधला पल्प उघडा पाडून तसाच ठेवला. साध्या उंदरांत तो मेला. जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांत, अन्नाचे कण आत अडकूनसुद्धा, त्यावर डेंटिनचा पूल बांधला गेला. बुधवारी डॉक्टर तेच साधणार आहेत: भूल देऊन कीड आणि वरचा सुजलेला पल्प काढायचा, रक्त थांबतं का बघायचं, वर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट आणि घट्ट फिलिंग. रक्त थांबलं नाही तर रूट कॅनल. तेही बोलून ठेवलं आहे. दोन्हीत दाढ तुमचीच राहते, चावायला, हसायला. टाके नाहीत, कवळीच्या तारा नाहीत. दुपारी तुम्ही तुमच्या खुर्चीत असाल.

या वयात काय भरून येणार, म्हणालात. वयाबरोबर पल्पची पोकळी अरुंद होते, पेशी विरळ होतात, हे खरं. भरून यायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. मोठ्यांच्या पक्क्या दातांतही हा उपचार चांगला लागू पडतो. डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर शेवटचा शब्द तुमचाच असेल, पण माझ्यासाठी हो म्हणा. माझा दुधाचा दात हलायला लागला की तुम्ही बोटाने हळूच बघायचात आणि "आज नको, उद्या बघू," म्हणायचात. मी झोपेपर्यंत तुमचा हात माझ्या गालावर असायचा. त्या दिवशी मी तिथे नसेन, याचं किती वाईट वाटतंय ते लिहीत नाही. दादा सोबत येईल.

आता ऐका. साखरेची गोळी चुकवायची नाही. साखर वाढलेली असली की मॅक्रोफेज पेटत्या अवस्थेतच अडकतात, मग बाकी सगळं फुकट. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवायची. दुखरी जागा गप्प करायला गोळी हिरडीशी दाबून ठेवता, ते आजपासून बंद, हिरडी भाजते. भूल उतरेपर्यंत काही चावायचं नाही, गाल चावला तरी कळणार नाही. आई, रात्री त्यांना दुसरी उशी दे, डोकं उंच राहिलं की ठणका कमी होतो. तू घाबरू नकोस गं, हे काकांसारखं काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे, त्याला मी स्वतः येते.

बुधवारी रात्री फोन करीन. बाबा, दुखत असेल तर "काही नाही" म्हणायचं नाही. मी आईला विचारणारच आहे.

तुमची,
धाकटी