डायलिसिसच्या आधीचे दोन दिवस: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. गाळप हंगाम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या किडनीच्या पेशंटमध्ये तरुण माणसं दिसू लागतात. ना डायबेटिस, ना बीपी. ऊसतोडीला आलेली. त्यांच्याविषयी, आणि त्यांना सर्रास टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या स्वस्त वेदनाशामक इंजेक्शनविषयी हे पत्र आहे.

दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या एक टक्काही भरत नाहीत. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. मात्र त्यातलं फार थोडं आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचतं, आणि काम तर तिथे अखंड चालू. प्राणवायूच्या बाबतीत या गाभ्याची कायम कशीबशी हातातोंडाची गाठ पडते. घामाने शरीरातलं पाणी आटलं की पहिला फटका इथेच बसायला हवा. एरवी तो बसत नाही, याचं मोठं श्रेय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आहे.

हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. वाहत्या रक्ताचा रेटा ओळखून ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू संदेश म्हणून सोडतं आणि वाहिनी सैल होते. या संदेशाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. शिवाय हे अस्तर आणि किडनीतल्या शेजारच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतात. पाणी कमी पडल्यावर शरीर जागोजागच्या रक्तवाहिन्या आवळून बीपी सांभाळत असतं, तेव्हा किडनीत शिरणारी वाहिनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. भरपूर पाणी प्यायलेल्या निरोगी माणसाला त्याची फारशी गरज पडत नाही. तहानेलेल्या माणसाची किडनी मात्र त्याच्याच भरवशावर असते.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं नेमकं हेच प्रोस्टाग्लँडिन बंद पाडतात.

फडावर काय होतं ते सांगते. बाई पहाटे अंधारात तोडीला लागते. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळते. दुपारी उन्हात मोळ्या वाहताना पोटऱ्यांत गोळे येतात, अंग ठणकतं. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून जवळच्या दवाखान्यात जाऊन कमरेत डायक्लो घेते, गोळ्यांची पट्टी कनवटीला लावते आणि परत फडात. अशीच एक तिशीतली बाई माझ्याकडे आली तेव्हा सुजेने पायांतली जोडवी बोटांत रुतली होती. दिवसभराची लघवी चहाचा कपही भरेल इतकी नव्हती. डायलिसिस झालं, ती वाचली. पण त्या इंजेक्शनच्या आधी तिला कुणी पाण्याचं विचारलं नव्हतं, की लघवी किती होते हेही विचारलं नव्हतं.

रक्त कमी पडण्याचा हा ताण फार वेळ राहिला तर अस्तरही जखमी होतं. एरवी गुळगुळीत असलेल्या त्याच्या पृष्ठभागाला पांढऱ्या पेशी चिकटतात, बारीक वाहिन्या तुंबतात. मग सलाईन लावून बीपी वर आलं तरी गाभ्यापर्यंत रक्त पोहोचेलच असं नाही. यातल्या काही केशवाहिन्या कायमच्या जातात, आणि आज बरा होऊन घरी गेलेला पेशंट काही वर्षांनी जुनाट किडनीविकार घेऊन येऊ शकतो. डायलिसिस रक्त साफ करतं, ते अस्तर दुरुस्त करत नाही.

महोदय, डायलिसिससाठी सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले योजना आहे, आणि त्यांच्या आधाराने जगणारी माणसं मी रोज पाहते. माझं मागणं त्याच्या आधीच्या टप्प्याचं आहे. किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारं क्रिएटिनीन हे टाकाऊ द्रव्य उशिरा वाढतं, त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेशंटला सोडून देणं धोक्याचं ठरतं. ४८ तासांत क्रिएटिनीन ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने जरी वाढलं तरी ती किडनीला झालेली तीव्र इजा, हा जगभर मान्य असलेला निकष आहे. पण तो लावायचा तर तपासणी दोनदा व्हायला हवी. ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ती मोफत आणि दोनदा व्हावी, आणि भरती झालेल्या अशा प्रत्येक पेशंटच्या केसपेपरवर लघवीचं माप लिहिलं जावं. मोजायला एक प्लास्टिकचं भांडं पुरतं.

वेदनाशामकांबाबत स्पष्ट परिपत्रक निघायला हवं: उलट्या-जुलाब, ऊन लागणं किंवा लघवी कमी होणं यांपैकी काहीही असेल तर डायक्लो देऊ नये, आधी पाणी भरून काढावं, दुखण्यावर पॅरासिटामॉल द्यावं. डायक्लोफेनॅक चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे, तरी ते गावोगाव मागेल त्याला मिळतं. जनावरांना दिलेल्या याच औषधाने गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये केंद्राने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. माणसांसाठी मी बंदी मागत नाही, निदान विचारून देण्याची सक्ती मागते.

कारखाने आपल्या खात्याखाली येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी साखर आयुक्तालय आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांना सोबत घेऊन फडावर पिण्याचं पाणी, सावली, ओआरएस आणि बायकांसाठी फिरतं शौचालय, एवढं आपण घडवून आणू शकता. निकाराग्वातल्या ऊसतोड मजुरांना पाणी, विश्रांती आणि सावली मिळू लागल्यावर किडनीची इजा कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

एक अडचण उरते. इजा झालेल्या पेशंटची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी, पण तोवर मजुरांची टोळी गावी परतलेली असते. तेव्हा इथल्या रुग्णालयाने त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं आणि तिथल्या आशाताईंनी त्याला तपासणीला आणावं, अशी सोय करावी. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. परिपत्रक त्याआधी निघालं, तर टोळ्या उतरतानाच आमच्या भागातल्या डॉक्टरांची आणि औषध दुकानदारांची बैठक मी स्वतः बोलावीन.

आपली विश्वासू,
ऊसपट्ट्यातली एक फिजिशियन