फवारणीची मजुरी पंपावर नको, दिवसावर द्या

महोदय,

पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, फवारणी सुरू झाली की आमच्या आर्णी तालुक्यातल्या बायांचा जीव टांगणीला लागतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा थेट तोंडावर यायचा. तेव्हापासून एकच ऐकतो आहोत, की शेतकरीच बेफिकीर, तो मास्क घालत नाही, हातमोजे घालत नाही.

माझा नवरा बेफिकीर नाही. चांगला शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तो बी टाकत नाही. पीकविमा भरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सगळं वावर कापसाखाली न घालता तूर, सोयाबीनही पेरतो. आणि हाच सावध माणूस बोंडअळीच्या धास्तीने एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळतो. अळीने बोंडं पोखरली की वर्ष बुडतं, हे त्याने पाहिलं आहे. अंगावर उडालेल्या औषधाने मात्र दर वेळी काही होत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, सकाळी बरं वाटतं. असं चार वेळा निभावलं की पाचव्यांदा भीतीच उरत नाही. पण ही औषधं कातडीतूनही अंगात जातात, आणि फवारणीचे भिजलेले कपडे घरी आम्हीच धुतो.

मजुराचं तर आणखी वेगळं. त्याला पंपामागे, म्हणजे पाठीवरच्या पंपाच्या जितक्या टाक्या फवारल्या तितके, पैसे मिळतात. वारा फिरला म्हणून तो थांबला, साबणाने हात धुऊन मग भाकर खायला बसला, तर तेवढे पंप कमी होतात. त्याला धोका माहीत नाही असं नाही. पण सावधपणाचे पैसे त्याच्याच मजुरीतून कापले जातात, मग नुसत्या जनजागृतीच्या फलकांनी काय साधणार?

आम्ही आमच्या वावरात दिवसाची मजुरी सुरू केली. खर्च वाढला, नवऱ्याशी वादही झाला. पण आता मजूर वारा पाहून थांबतात. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त विषारी औषध, हे मी त्यांना दाखवते.

यंदा फवारणीआधी प्रत्येक गावाने ग्रामसभेत दिवसाची मजुरी ठरवावी. कृषी सहायकांनी त्या सभेला यावं, आणि पाठीवर पंप घेणाऱ्या मजुरांना पुढे बसवावं.

— एक महिला शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ