ग्वालियात एकटा हूव्हर राहत नव्हता

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवरचा लेख वाचला. फोटो मस्त, पण ग्वालियाचा, म्हणजे तिकडच्या लिओनोरा गावाजवळच्या खाणवस्तीचा, विषय निघाला की सगळे हर्बर्ट हूव्हरपाशी येऊन थांबतात तसंच इथंही झालं. २३ वर्षांचा पोरगा १८९८ ला खाणीचा मॅनेजर होतो आणि पुढं थेट अमेरिकेचा अध्यक्ष, स्टोरी भारीच आहे, मान्य. पण तो तिथं जेमतेम काही महिने होता हो! खाण चालली १९६३ पर्यंत, आणि ती चालवली बहुतेक इटलीहून आणि तिकडच्या युगोस्लाव्हियातून आलेल्या मजुरांनी, ज्यांच्यातल्या इटालियनांना कामावर घेण्यावर हूव्हरनेच जोर दिला कारण ते कमी पगारात राबायचे आणि युनियनवाल्यांना वचक बसायचा, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

मुलाकडे पर्थला आले होते तेव्हा त्यानं ग्वालिया दाखवलं. पत्र्याच्या खोल्या, आतून गोणपाटाच्या भिंती, त्यावर चुना. या असल्या घरात बायकांनी पोरं वाढवली, वर उन्हाळा ४० च्या पुढचा. २८ डिसेंबर १९६३ ला, म्हणजे नाताळ नुकताच झालेला, खाण बंद झाली आणि १२०० च्या वस्तीत काही आठवड्यांत जेमतेम ४० माणसं उरली. ज्याला जे उचलता आलं ते घेऊन निघाला, बाकी तिथंच. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या तरी चाळी भरलेल्याच होत्या, इथं अख्खं गाव उठलं.

आणि उंटवाले तर लेखात कुठंच नाहीत. १९०३ ला पाइपलाइनचं पाणी येईपर्यंत, आणि रेल्वे नव्हती तोवर, त्या वाळवंटात पाणी, धान्य, टपाल बरंचसं उंटावरूनच जायचं. उंट आणि उंटवाले यायचे कराचीहून, आणि कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात. पण नव्या सोन्याच्या पट्ट्यात आशियाई माणसाला खाणकामाचा परवाना मिळायचा नाही, म्हणजे माल वाहा पण सोनं खणू नका. ताघ महोमेद हा त्यांच्यातला बडा व्यापारी, १८९६ ला तिकडच्याच कूलगार्डी या सोन्याच्या गावात नमाज पढताना त्याचा खून झाला, त्याची कबर अजून आहे तिथं. बऱ्याच उंटवाल्यांना बायका आणता आल्या नाहीत, काहींनी तिथल्या आदिवासी बायकांशी संसार केला, त्यांची नातवंडं-पणतवंडं आज ऑस्ट्रेलियात आहेत आणि आपल्या घरातल्या गोष्टी सांगतायत.

आता तर तशी घरंही होत नाहीत. माझा मुलगा पर्थहून विमानानं लिओनोराकडच्या खाणीवर जातो, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, कॅम्प आणि मेस सोडून गावाशी संबंधच नाही.

लेखाचा दुसरा भाग काढणार असाल तर हूव्हर थोडा कमी करा आणि ही मंडळी घ्या. फोटो पाहिजे असतील तर मुलानं काढलेले पाठवते.

एक नियमित वाचक, नाशिक